सातची झडती

विश्रामबाग, सांगली
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय कपिल,

तीन महिने तुला पत्र नाही, याची आधी माफी मागते. कामाचं कारण सांगणार नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात सध्या काम असं नाहीच, मुलं पुस्तकं न्यायला येत नाहीत. मी लिहायला बसत होते आणि तारीख घालून उठत होते. वहीत अशी चार पानं आहेत, नुसत्या तारखांची.

ऑक्टोबरात तू विचारलंस, दिवाळीच्या सुट्टीत तिरुपूरहून येऊ का. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंस. आणि मी उलट टपाली कळवलं की आत्ता नको. आण्णांचा व्यायामाचा खेळ चालू आहे, गुण वाढताहेत, जानेवारीपर्यंत आणखी सुधारतील, तेव्हा ये. सोबत आलेखाचा कागद जोडला होता. त्यावरची रेघ वर चढत गेलेली तू पाहिली असशील.

ती रेघ माझी आहे. आण्णांची नाही.

एवढं लिहायला तीन महिने लागले. आता नीट सांगते.

गेल्या उन्हाळ्यात आण्णा दाढीची पाती आणायला गेले आणि एकाच सकाळी तीनदा पाती घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, याला अजून स्मृतिभ्रंश म्हणायचं नाही, त्याच्या अलीकडची पायरी आहे. इथंच थोपवता आलं तर बघू. आमच्या शेजारच्या फिजिओथेरपीच्या कॉलेजात साक्षी नावाची मुलगी अशा माणसांसाठी एक प्रयोग करत होती. टीव्हीखाली एक काळी पट्टी बसवायची, तिच्यात कॅमेरा. समोर उभं राहायचं. पडद्यावर फळं पडतात, ती हात लांबवून टोपलीत धरायची. मग ओढा येतो, त्यातले दगड पाय उचलून ओलांडायचे. मध्येच यंत्र विचारतं, पेरू किती धरले? अंग आणि डोकं एकाच वेळी चालावं, असा हेतू. महिनाभर कॉलेजच्या हॉलमध्ये आठ म्हाताऱ्यांबरोबर, मग बारा आठवडे घरी, मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी. पट्टी गुण आपोआप साक्षीकडे पाठवते. आठवड्यात दोन सत्रं चुकली की यंत्र परत जातं आणि जागा दुसऱ्याला मिळते.

हॉलमध्ये आण्णा रमले होते. साक्षी चिडवायची, आण्णा, पेरू धरताय की सोनं? ते म्हणायचे, "सोनं आमी खाली पडूच देत न्हाई बाई. पेरूचं काय घिऊन बसलीस." पाय मात्र उचलायचे नाहीत. दर वेळी ओढ्यात पडायचे. साक्षीनं नोंद केली की पाय घासत चालतात. मीही वहीत तेच लिहिलं.

घरी सहा सत्रं झाली. सातव्या दिवशी, सत्तावीस ऑगस्टला, ते मध्येच थांबले आणि त्यानंतर पट्टीसमोर उभे राहिले नाहीत. यंत्र परत जाऊ नये म्हणून मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या जागी मी उभी राहिले. एका आठवड्यापुरतंच, असं ठरवलं होतं. पहिल्या दिवशी मुद्दाम वाईट खेळले. नंतर सुधारणा कशी दिसावी याचा विचार करायला लागले. एकदम नको. एक दिवस जरा वर, एक दिवस थोडं खाली, आणि पुन्हा वर. हे मी नकळत केलं नाही, डोकं लावून केलं. अशी एकोणतीस सत्रं. आण्णा खुर्चीवरून टाळ्या वाजवायचे. दिवसा त्यांच्याकडे बघणाऱ्या हरणाबाई मला म्हणाल्या, "आक्का, तुमी लय बारीक झालाय." माझा गुडघा दुखायचा थांबला. औषध त्यांचं, उतार मला.

नोव्हेंबरात साक्षीनं कागदावरची परीक्षा घेतली. जूनमध्ये तीसपैकी बावीस होते, आता सतरा आले. घड्याळ काढायला सांगितलं तर बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीनं बसवले आणि डावी बाजू कोरी ठेवली. आता तुझं नाव घेतलं की विचारतात, कुणाचा?

दिवाळीत तू आला असतास तर तुला त्यांनी ओळखलं असतं. मी तुला का थांबवलं, याचं एक कारण वर दिलं आहे. दुसरं असं की इतकी वर्षं आपल्या वडिलांना मी सांभाळलं आणि तू येऊन बघशील तेव्हा ते नीट दिसावेत, असं मला वाटत होतं. पाहुणे येण्याआधी आपण घर आवरतो तसं. हे कारण पहिलं आहे की दुसरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुझी,
आक्का


विश्रामबाग
रविवार, १६ फेब्रुवारी

प्रिय कपिल,

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षाही धरली नव्हती. फोन तू उचलत नाहीस आणि उचललास तरी मला असलं काही तोंडानं सांगता येत नाही, म्हणून पुन्हा पत्र.

सत्तावीस ऑगस्टला ते का थांबले, हे मागच्या पत्रात मी गाळलं.

खेळ सुरू होण्याआधी यंत्राला समोरचा माणूस ओळखावा लागतो. हॉलमध्ये ते काम साक्षी आधीच उरकून ठेवायची. घरी मात्र प्रत्येक वेळी करावं लागे. टीव्हीतून साक्षीचाच आवाज येतो, मराठीत भरलेला: "दोन्ही हात बाजूला पसरा. हलू नका." आपण हात पसरले की पडद्यावर एक बारीक, निळा, तोंड नसलेला माणूस उभा राहतो, तोही हात पसरून.

तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

मी मदुराईची ती सोनं गाळायची गलाई कधी पाहिली नाही. सयाजीशेठचं दुकान विट्याच्या माणसाचं, कारागीर सगळे आपल्याकडचे, आण्णा तीस वर्षं भट्टीवर, एवढंच ठाऊक. रोज सातला काम सुटलं की सगळ्यांनी हातपाय एकाच पिंपात धुवायचे, त्यातल्या सोन्याच्या कणांसाठी ते पाणी टाकायचं नाही, आणि मग दारात हात पसरून झडती द्यायची, हे आईनं सांगितलेलं. आणि ज्यानं माणूस कामाला आणला त्यानंच त्याची झडती घ्यायची, हा तिथला रिवाज, हेही आईनंच. तुला, पोटच्या पोराला, आण्णांनीच तिथं कामाला आणलं होतं. म्हणून त्या दिवशी मुशीतला सोन्याचा तुकडा सापडेना, तेव्हा शेठनं आण्णांकडे बघितलं, आणि आण्णांनी तुझा सदरा उतरवला, मग बाकीचं, रस्त्याकडच्या दारात, सगळ्या कारागिरांसमोर. तू चोवीस वर्षांचा होतास. तुकडा दुसऱ्या दिवशी भट्टीच्या राखेत निघाला. तोवर तू गेला होतास. आण्णा याबद्दल घरात एक शब्द बोलले नाहीत. आई गेली तेव्हाही नाही.

तर ऑगस्टात पहिली सहा सत्रं त्यांनी निमूट हात पसरले. खेळ झाला की खिसे उलटे करून मला दाखवायचे, आणि मोरीत जाऊन बादलीत हातपाय धुवायचे. पाणी मोरीत ओतलं की चिडायचे. मी हरणाबाईंना हसून सांगितलं होतं. वहीत लिहिलं, आज पुन्हा खिसे. पाय घासत का चालतात हेही तेव्हाच कळायला हवं होतं. जिथं जमिनीवर सोन्याची धूळ असते तिथं माणूस पाय उचलून, धूळ उडवत चालत नाही. तीस वर्षांचं हातचं काम होतं ते, आणि साक्षीनं आणि मी मिळून त्याला रोग म्हटलं.

सातव्या दिवशी पडद्यावरचा तो निळा माणूस उभा राहिला आणि आण्णांनी आपले हात खाली घेतले. त्या निळ्या माणसाचे हात तसेच राहिले, यंत्र कधीकधी अडकतं. आण्णा वाट बघत राहिले. मग टीव्हीजवळ गेले, काचेवर तळवा ठेवला आणि माझ्याकडे वळून, पण माझ्याशी नव्हे, म्हणाले, "त्याला हात खाली घिऊ द्या शेठ. कपिलनं काय घेतलं न्हाई."

ज्या वाक्यासाठी तू एकोणीस वर्षं घरी आला नाहीस, ते हे. ते मंगळवारी सकाळी साडेदहाला माझ्यासमोर बोललं गेलं. आणि मी काय केलं? टीव्ही बंद केला. त्यांना पाणी दिलं. मला वाटलं, भ्रम होतोय. साक्षीला कळलं तर आजार पुढच्या पायरीवर गेला असं धरून ती त्यांना काढून टाकेल. म्हणून तिला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही, आणि गुरुवारी त्यांच्या जागी जाऊन उभी राहिले.

त्या दिवशी फोन लावून तो त्यांच्या कानाला लावायला हवा होता. तेव्हा त्यांना तू कोण ते माहीत होतं.

आक्का


विश्रामबाग
रविवार, २ मार्च

प्रिय कपिल,

तुझा निरोप मिळाला. तीन शब्द: "अजून काय म्हणाले?"

तू विचारशील याची मला भीती होती. त्याआधी साक्षीचं सांगते. टाळतेय असं वाटलं तर वाटू दे, मी टाळतेच आहे.

तुझा निरोप आला त्याच दिवशी तिच्याकडे गेले. ती तिचा निबंध लिहीत होती. आण्णांच्या आकड्यांवर तिनं एक वेगळा परिच्छेद केला होता: खेळात सातत्यानं प्रगती, मात्र रोजच्या व्यवहारात घसरण. तिच्या मार्गदर्शकांना ते फार महत्त्वाचं वाटलं म्हणे. मी तिला सगळं सांगितलं. तिनं पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाली, "मॅडम, तारखा आहेत तुमच्याकडे?" मी म्हटलं, सगळ्या आहेत, कुठल्या दिवशी किती गुण मुद्दाम कमी केले तेही आहे. ती म्हणाली, "म्हणजे खोटं केलंत, पण व्यवस्थित लिहून ठेवलंत." मी वही तिच्यापुढे ठेवली. तिनं एकेक तारीख संगणकात खोडली. एकोणतीस वेळा तेच बटण. परिच्छेदही खोडला.

मी तिला विचारलं, सत्तावीस ऑगस्टचं काही शिल्लक आहे का. होतं. तिनं दाखवलं. कॅमेरा माणसाचं चित्र ठेवत नाही, आवाजही नाही. सांध्यांचे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा एवढंच ठेवतो. त्या रेषांचा माणूस हात पसरून उभा राहतो. मग हात खाली घेतो. मग पुढे येतो, मोठा होतो आणि पडद्याबाहेर जातो. संपलं. एक मिनिट दहा सेकंद.

म्हणजे पुरावा काही नाही. तिथं मी एकटीच होते. माझ्या शब्दावर तुला विश्वास ठेवावा लागेल, आणि माझा शब्द कसा असतो हे तू दोन पत्रांत वाचलंस. मी तुझ्या जागी असते तर म्हटलं असतं, आक्काला मला बोलवायचं आहे म्हणून तिनं ते वाक्य रचलं. म्हणूनच उरलेलं सांगते. रचायचं असतं तर हे रचलं नसतं.

त्यापुढे ते म्हणाले, "मला तवाच ठावं हुतं."

तवाच. राखेत तुकडा निघाल्यावर नव्हे. तुझा सदरा उतरवताना.

मी मागच्या पत्रात हे गाळलं, कारण अर्धं वाक्य दिलं तर ती माफी होते आणि पूर्ण दिलं तर काय होतं ते मला कळत नाही. त्यांना ठाऊक होतं आणि तरी त्यांनी केलं. का, ते मी त्यांना विचारलं. ऑगस्टात नाही, गेल्या आठवड्यात. उशीर झालेला होताच. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "व्हय, व्हय," जसं ते आता सगळ्यालाच म्हणतात.

माझा तर्क असा की माण तालुक्यातून आलेल्या आपल्यासारख्या घरच्या माणसाला शेठनं इतकी वर्षं भट्टीवर विश्वासानं ठेवलं होतं, आणि तो विश्वास सगळ्या कारागिरांसमोर एका क्षणात जाईल असं त्यांना वाटलं. पण हा तर्क माझा आहे. मी त्यांच्या जागी पुन्हा एकदा उभी राहते आहे. तू तो मानू नकोस.

आक्का


विश्रामबाग
बुधवार, १९ मार्च

प्रिय कपिल,

यंत्र परत गेलं, टीव्ही राहिला. तेरा तारखेपासून एक नवीन सुरू झालं आहे. संध्याकाळी सात वाजले की आण्णा उठतात, मोरीत हातपाय धुतात, पाय न उचलता बाहेरच्या खोलीत येतात आणि बंद टीव्हीसमोर हात पसरून उभे राहतात. घड्याळ काढता येत नाही, पण सात वाजल्याचं त्यांना कळतं.

पहिल्या दिवशी मी हात धरून खाली केले. त्यांनी पुन्हा वर केले. म्हटलं, आण्णा, बसा. म्हटलं, चहा घ्या. हरणाबाईंनी थट्टा करून बघितली, "आवं आण्णा, इमान उडवताय व्हय?" ते हलले नाहीत. यंत्र जसं सांगायचं तसे, अजिबात न हलता. दंड थरथरायला लागले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना कुणीतरी सोडायला हवं होतं.

मग मी त्यांची झडती घेतली. खांद्यांपासून सुरू केलं. काखा, कंबर, दोन्ही खिसे उलटे करून, मांड्या, पोटऱ्या, शेवटी पायांचे तळवे, कारण त्यांनी एकेक पाय आपणहून उचलून दाखवला. त्या ओढ्यात जो पाय महिनाभर उचलला गेला नाही तो. हाडं हाताला लागतात आता. मग म्हटलं, काही नाही, जा. तरी उभेच. मला वाटलं, भाषा चुकली. म्हटलं, "काय न्हाई आण्णा. जावा घरी." तेव्हा हात खाली आले. आत जाऊन जेवायला बसले.

तेव्हापासून मी रोज घेते. ज्यानं आणलं त्यानंच घ्यायची, असा रिवाज. त्यांना त्या पट्टीसमोर मीच आणलं. दुसऱ्या कुणावर ते ढकलता येत नाही, आणि मला ढकलायचंही नाही. पण हे करताना मला दर वेळी तुझी आठवण येते आणि माझ्या हातांची किळस येते, हे तुला सांगायला हवं.

काल कॉलेजात तपासणीची समिती आली होती. मला सुटायला उशीर झाला. घरी पोचले तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. आण्णा उभे होते. हरणाबाई रडत होत्या. त्यांनी सगळं करून पाहिलं, खाली बसवायला गेल्या तर ते म्हणाले, "झडती हुईल मग जाईन." सात ते आठ वीस. हात खांद्याच्या रेषेच्या खाली आले होते, पण पसरलेलेच. बोटं पांढरी. धोतराचा सोगा ओला झाला होता. मी चपला न काढता झडती घेतली. जावा म्हटल्यावर ते जागच्या जागी खाली बसले, आणि मी पहिल्यांदाच त्यांना "दमलो" म्हणताना ऐकलं.

आज त्यांना पेला उचलता आला नाही. चहा मी चमच्यानं पाजला. डॉक्टर येऊन गेले. खांद्याला पट्टा दिला आहे, हात वर करायचा नाही म्हणाले. आज सातला ते तरीही उठले. पट्ट्यातला हात आत राहिला आणि दुसरा पसरला. मी तिथंच होते.

आता तुला ये म्हणून लिहिते. ऑक्टोबरात नको म्हटलं, आता ये म्हणते, यात माझा स्वार्थ किती आणि तुझा विचार किती हे मी तपासून पाहिलं आणि मला ते वेगळं काढता आलं नाही. खोटी आशा लावणार नाही. ते तुला ओळखणार नाहीत. ते वाक्य पुन्हा बोलणार नाहीत. तू विचारलंस तर व्हय, व्हय म्हणतील आणि ते कशाचंच उत्तर नसेल. पण संध्याकाळी सातला ते तुझ्यापुढे हात पसरून उभे राहतील, कारण त्या वेळी समोर जो असेल त्याच्यापुढे ते उभे राहतात. तेव्हा काय करायचं ते तू ठरव. तुला त्यांना तसंच उभं ठेवावंसं वाटलं तर मी मध्ये पडणार नाही, असं लिहिणार होते. ते खरं नाही. मी पडेन. पण तुला तसं वाटलं म्हणून तुला दोष देणार नाही, एवढं खरं आहे.

आला नाहीस तरी माझं रोजचं चालू राहील. समिती उद्याही आहे.

आक्का

उद्याचं काम: सातच्या आत घरी पोहोचणे.